टिपरेसाहेबांचं जळकं ऑईल

आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सव मंडळानं यंदा स्मरणिका काढायचं ठरवलं आणि टिपरेसाहेबांवरचा लेख माझ्या गळ्यात टाकला. कारण काय, तर ‘तू पत्रकं लिहितोस, तुझी भाषा धारदार आहे.’ साहेब उन्हाळ्यात वारले. मंडळाच्या खोलीत त्यांचा फोटो लागला, फोटोला हार पडला आणि खाली कुणीतरी रंगानं लिहिलं, ‘निस्सीम श्वानप्रेमी’. पत्रकं लिहिणाऱ्याला एक वाईट खोड लागते. भिंतीवर खोटं लिहिलेलं दिसलं की त्याचा हात शिवशिवतो. म्हणून हा लेख. मंडळानं छापला तर छापला, नाहीतर मी सायक्लोस्टाइल करून घरोघरी टाकीन. सवय आहे मला.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मेलेल्या कुत्र्याबद्दल कुणी काहीच म्हणत नाही, तेव्हा ती बाजू मी घेतो.

टिपरेसाहेब नोकरीतून निवृत्त होऊन बेलापूरला राहायला आले तेव्हा आमच्या सेक्टरमधल्या निम्म्या इमारतींना रंगही लागला नव्हता. दोन इमारतींच्या मध्ये रिकामे प्लॉट, आणि प्लॉटवर माणूस बुडेल एवढं गवत. साहेब सरकारी कुत्री पाळणाऱ्या कुठल्याशा खात्यात होते एवढं कॉलनीला कळलं आणि तेवढं पुरलं. तिथं नक्की काय होते, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं. म्हणाले, “स्टोअर्स माझ्या ताब्यात होते.” म्हणजे स्टोअरकीपर. पट्टे, साखळ्या, पातेली आणि तांदळाची पोती. कुत्र्याशी संबंध आला असेल तो खिडकीच्या जाळीतून. पण बेलापुरात उतरल्यावर ते कुत्र्यांतले तज्ज्ञ झाले, सोसायटीचे चेअरमन झाले, आणि बेलापूर सोडेपर्यंत दोन्ही खुर्च्या त्यांनी सोडल्या नाहीत.

कडक इस्त्रीची खाकी हाफपँट, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, काखेत वेताची छडी, गळ्यात शिट्टी. सकाळी शिट्टी वाजली की सीझर नावाचा त्यांचा अल्सेशियन वळायच्या आधी पेपर टाकणारा आणि दूधवाला वळायचे. सीझरशी ते इंग्रजीत बोलत (‘हील!’ म्हणजे पायाशी ये), वॉचमनशी हिंदीत, आमच्याशी मराठीत. बायकोशी बोलताना मी त्यांना ऐकलं नाही. “कुत्रं मुकं असतं, म्हणून मला बोलावं लागतं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सोसायटीच्या सभेत पाण्याचा विषय असो की जिन्यातल्या दिव्याचा, हे वाक्य कुठूनतरी येई आणि लोक माना डोलवत.

कुणाचं कुत्रं आजारी पडलं की साहेबांना वर्दी जायची. साहेब यायचे, छडी यजमानाच्या हातात द्यायचे, कुत्र्याचा कान उलटा करायचे, नाक आत घालायचे आणि डोळे मिटायचे. घरात सगळे श्वास रोखून उभे. मग डोळे उघडून निकाल:

“खरूज. रक्तात आहे.”

दुसरा निकाल मी कधी ऐकला नाही. पोट बिघडलेल्या कुत्र्यालाही तोच.

औषधही एकच. जळकं ऑईल. ट्रकच्या इंजिनातून काढून टाकलेलं, डांबरासारखं काळं. हायवेवरच्या गॅरेजमधून ते डबा भरून आणायचे आणि ब्रशनं कुत्र्याला नाकापासून शेपटीपर्यंत रंगवायचे. नंतर कुत्रं उन्हात बांधायचं, आळणी भात घालायचा, मासळी आणि अंडं बंद. पाध्यांचं पांढरंशुभ्र पॉमेरियन त्यांनी असं रंगवलं तेव्हा ते तव्यावर करपलेल्या भाकरीसारखं दिसायला लागलं. ते अंग चाटायचं आणि ओकायचं. पाध्येकाकू घाबरून धावत आल्या.

“साहेब, पिंकी सारखी ओकतेय हो!”

“उत्तम! विष बाहेर पडतंय. ओकू द्या.”

काकूंनी ओकू दिलं. तज्ज्ञ सांगतोय म्हटल्यावर काय करणार?

आणि कुत्री बरी व्हायची! हीच तर मेख आहे. गणपती बसले की कॉलनीतली ठरावीक चार-सहा कुत्री खाजवायला लागत. पंजे चाटून चाटून लाल करत, पोट जमिनीला घासत, कान झाडत. साहेब ब्रश घेऊन निघत. तुळशीचं लग्न लागलं की सगळ्यांची खाज थांबलेली असे. मग साहेबांच्या घरी पेढे जात, नारळ जात, आणि साहेब बरी झालेली कुत्री फिरवून आणत, पोळ्याच्या बैलांसारखी. पुढच्या गणपतीला तीच कुत्री पुन्हा खाजवायला लागायची. तेव्हा म्हणत, “पथ्य पाळलं नसेल.” मालक ओशाळे होऊन म्हणत, “हो साहेब, एकदा अंडं दिलं होतं.” दरवर्षी येणारा आजार दरवर्षी बरा करणारा डॉक्टर! आमच्या शिकल्यासवरल्या कॉलनीत पदवीधर होते, बँकेतले होते, दोघे इंजिनिअर होते. एकालाही वाटलं नाही की ऑईल न लावता बघावं एकदा काय होतं ते.

रोगाचं मूळही साहेबांनी शोधून ठेवलं होतं. दिवाळे गाव. खाडीकाठी सुकत घातलेल्या मासळीतून खरूज निघते आणि गावातल्या कुत्र्यांच्या अंगावर बसून कॉलनीत येते, असा त्यांचा सिद्धांत. दिवाळ्याची येसूबाई रोज पाटी घेऊन आमच्या गेटवर मासळी विकायला यायची, आणि तिचा पिवळा कुत्रा तिच्या मागं. एक दिवस साहेबांनी तिला गेटवर अडवलं. आम्ही दोघं-तिघं तिथंच होतो.

“हा कुत्रा आत आणायचा नाही. खरूज पसरवतो.”

येसूबाईनं पाटी खाली ठेवली. “कुनी सांगला?”

“मी सांगतो. मी कुत्र्यांच्या खात्यात होतो.”

“आनि आमी मावऱ्याच्या खात्यात हाव. सायब, माज्या कुत्र्याला खाज नाय. बगा नीट. खाज तुमाला हाय.”

पाटीभोवतीच्या बायका खळखळून हसल्या. साहेबांनी शिट्टी फुंकली. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी नोटीस लागली: मासळीवाल्यांनी गेटपासून वीस पावलं लांब बसावं. सूड घ्यायचा तर निदान मोठा घ्यावा माणसानं. वीस पावलं!

इथपर्यंत हे सगळं विनोदी वाटेल. मंडळाला हवं असतं तर इथपर्यंतचा भाग गोड करून छापता आला असता: ‘साहेबांचा स्वभाव थोडा विक्षिप्त, पण मन प्रेमळ.’ मला आता बंड्याबद्दल सांगायचं आहे.

तळमजल्यावर नलूताई सबनीस राहायच्या, शाळेत शिकवायच्या. एकट्या. बंड्या त्यांना बांधकामाच्या खडीत सापडला होता, तांबूस रंगाचं साधं गावठी कुत्रं. नलूताई शाळेतून यायच्या वेळी तो मागच्या व्हरांड्याच्या कठड्यावर पुढचे पाय टेकून उभा असायचा, रेशनच्या रांगेतल्या माणसासारखा. नलूताई त्याच्याशी दिवसभराचं सगळं बोलायच्या, कुणाला पट्टी मारली हेसुद्धा. त्यालाही गणपतीत खाज सुटायची. साहेबांनी दोनदा ऑईलचा डबा पाठवला, नलूताईंनी दोनदा परत पाठवला. तेव्हा सोसायटीचं पत्र गेलं: कुत्र्यावर इलाज करा, नाहीतर कुत्रा कॉलनीबाहेर काढण्यात येईल. बाहेर काढणं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुत्री पकडणारी गाडी यायची आणि गाडीतून कुणी परत यायचं नाही.

नलूताई आमच्याकडे आल्या. पत्रकं काढणारी आमची संघटना म्हणजे मी, माझा एक मित्र आणि एक उसनं सायक्लोस्टाइल मशीन. बंड्याला मुंबईला दाखवायचं ठरलं, पण बसमध्ये कुत्रं घेत नाहीत. शेवटी येसूबाईच्या पुतण्याच्या टेम्पोतून, बर्फाच्या पेट्यांमध्ये बसून बंड्या खाडीपूल ओलांडून मुंबईच्या जनावरांच्या दवाखान्यात गेला. तिथले डॉक्टर तुटक बोलणारे, कोटावर चार जातींचे केस. त्यांनी कानाचा वासबिस घेतला नाही. पात्यानं कातडी हलकेच खरवडली, काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली.

“खरजेचा किडा नाही. कधी सुरू होतं हे?”

“गणपतीच्या सुमाराला.”

“थांबतं कधी?”

“दिवाळी उलटून गेली की.”

“गेल्या वर्षी?”

“तसंच.”

“त्याच्या आधी?”

“तसंच हो, डॉक्टर.”

“घराजवळ गवत आहे?”

नलूताई हसल्याच. “गवतच आहे. मधेमधे घरं आहेत.”

डॉक्टर म्हणाले, गवताला तुरे येतात तेव्हा त्यातली बारीक भुकटी उडते, ती काही कुत्र्यांना सोसत नाही. माणसाला शिंका येतात, कुत्र्याच्या कातडीला खाज सुटते. ॲलर्जी. एकाची दुसऱ्याला लागत नाही. “हे दिवस त्याला गवतात सोडू नका. फिरून आला की चारही पाय आणि पोट साध्या पाण्यानं धुवा, बोटांच्या बेचक्यांतून नीट पुसा, ओलं ठेवू नका. पिसवा, गोचिड्या होऊ देऊ नका, त्यानं खाज दुप्पट होते. कानात काड्या घालायच्या नाहीत, कान लाल झाला तर इथं आणा. या गोळ्या फार खाजेल तेव्हाच, आणि मी सांगतो तेवढ्याच.”

“म्हणजे बरा होईल ना?”

“नाही. पुढच्या वर्षी पुन्हा होईल. हे सांभाळायचं असतं, बाई. बरं करतो म्हणणारा भेटला तर त्याच्यापासून लांब राहा.”

आम्ही पत्रक काढलं. ‘खरूज नव्हे, गवताची ॲलर्जी!’ घरोघरी टाकलं. त्याच रविवारी पाण्याच्या टाकीजवळ सतरंज्या टाकून सोसायटीची सभा झाली. साहेब पत्रकाची सुरळी हातात घेऊन उभे राहिले.

“या क्रांतिकारकांचं म्हणणं आहे, कुत्र्याला ॲलर्जी झाली. गवताची! अहो, कुत्रं हे गवतातच जन्माला येतं. उद्या म्हणाल, माशाला पाण्याची सर्दी झाली.”

लोक हसले. फार हसले. पाध्येकाकाही हसले, ज्यांचं पॉमेरियन तेव्हा गॅलरीत काळंठिक्कर होऊन ओकत होतं.

“आणि म्हणे पाय धुवा! कुत्र्याचे पाय धुवायचे! मग ओवाळायचंही का?”

आणखी हशा. नलूताई उठल्या. आवाज शाळेतला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

“टिपरेसाहेब, माझं एवढंच म्हणणं आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत थांबा. मी ऑईल लावणार नाही, फक्त डॉक्टरांनी सांगितलं तेवढं करीन. तोवर खाज थांबली नाही, तर मी स्वतः बंड्याला कॉलनीबाहेर घेऊन जाते, आणि मीही जाते.”

हसू थांबलं. कुणीतरी म्हणालं, “हे रास्त आहे.” दुसऱ्यानं री ओढली. ठराव मंजूर. साहेबांचा चेहरा मी त्या वेळी बघत होतो. हा माणूस मूर्ख आहे असं मी तोवर धरून चाललो होतो. त्या क्षणी कळलं, तेवढा मूर्ख नाही. बंड्या ऑईलशिवाय बरा झाला तर काय होईल, हे सभेत सगळ्यांत आधी त्यांना समजलं होतं.

बंड्या सुधारत होता. गवतातून फिरणं बंद, रस्त्याच्या कडेनं ने-आण. नलूताई दाराशी बालदी ठेवून त्याचे पाय धुवायच्या. पंजांचा लालपणा उतरत होता, पोटावर नवी लव येत होती. हे कॉलनी बघत होती आणि साहेबही बघत होते.

नवरात्रातल्या एका दुपारी, नलूताई शाळेत असताना, साहेब वॉचमनला घेऊन मागच्या व्हरांड्यात गेले. वॉचमननं बंड्याला धरलं, साहेबांनी रंगवलं. पोटाखाली, पंजांमध्ये, जिथं जिथं कातडी अजून लाल होती तिथं दोन-दोन हात. मग उन्हात बांधून ठेवलं. वॉचमनला मी नंतर विचारलं, तर म्हणाला, “साब ने बोला, कमेटी का ऑर्डर है. मैं क्या करता?” चेअरमननं बोट दाखवलं की काम होतं.

नलूताई आल्या तेव्हा व्हरांड्यात तेल आणि ओकारी यांचा राडा झाला होता. बंड्या कठड्याशी आला नाही. आम्ही त्याला शिकेकाईनं धुतलं, डाळीच्या पिठानं धुतलं, पुन्हा टेम्पोतून नेलं. डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावून ऐकलं. पोटात तर गेलंच होतं, ओकताना ते छातीतही उतरलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बंड्या गेला.

नलूताई साहेबांच्या दारात गेल्या. मी मागं उभा होतो. मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं,

“तो चाटत होता, तेव्हा तुम्ही तिथं होतात का?”

“मी जेवायला गेलो होतो,” साहेब म्हणाले. आणि मग, छातीवर हात ठेवून, “बाई, रक्तातच होतं हो ते. फार उशीर केलात तुम्ही.”

नलूताईंनी पुढच्या महिन्यात जागा सोडली. तोवर तुळशीची लग्नं लागली होती, बाकीच्यांची खाज दरवर्षीसारखी थांबली होती आणि साहेबांच्या घरी पेढे पोचले होते. पाध्यांचेही. आम्ही तक्रार केली, पत्रकं काढली, गेटवर उभं राहून वाटली. लोक घडी करून खिशात ठेवत आणि म्हणत, “जाऊ दे रे, वयस्कर माणूस आहे. कुत्र्यावरून कशाला?”

त्यानंतरच्या वर्षी गणपतीत सीझर काळा झाला नाही. त्याआधी दरवर्षी व्हायचा, साहेब आपल्या कुत्र्यालाही सोडत नसत. आता तो चकाचक. अंगावर केस नि केस जागच्या जागी. कॉलनीत बोलबाला झाला: साहेबांच्या औषधानं सीझरची खरूज मुळापासून गेली. ज्यांचा थोडा विश्वास उडाला होता तेही डबे घेऊन हायवेच्या गॅरेजमध्ये जायला लागले.

मी साहेबांना शेवटचं नीट पाहिलं ते गणपतीच्या अशाच दिवसांत. त्यानंतर ते मुलाकडे पुण्याला गेले. सकाळी लवकर पत्रकं टाकायला निघालो होतो, पंपरूमच्या मागून जवळची वाट होती. तिथं नळ आहे. नळाशी साहेब उकिडवे बसले होते. हाफपँट, मोजे काढून ठेवलेले, छडी भिंतीला. पुढ्यात बालदी, खांद्यावर पंचा. ते सीझरचे पाय धूत होते. एकेक पंजा हातात घेऊन, साध्या पाण्यानं, मग बोटांच्या बेचक्यांतून पंचाचं टोक फिरवत, हळूच. पोटही ओलं करून पुसलेलं दिसत होतं. नलूताई करायच्या तसं, अगदी तसं. इतक्या मायेनं तो माणूस काही करू शकतो हे मला माहीत नव्हतं, आणि त्या मायेचा मला भयंकर राग आला.

“टिपरेसाहेब.”

ते दचकले. “चिखल होता,” म्हणाले.

आठवडाभर पाऊस नव्हता.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून पाध्येकाकूंनी हाक मारली. पंपरूमच्या भिंतीमुळे त्यांना फक्त साहेबांचं डोकं दिसत असावं. “साहेब! आमच्या पिंकीला पुन्हा सुरू झालं हो! काय करू?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं. हातात सीझरचा पंजा.

“ऑईल लावा,” ते म्हणाले. “आजच लावा.”

“काकू!” मी ओरडलो. “खाली या! ऑईलला हात लावू नका, आधी खाली या आणि साहेब काय करताहेत ते बघा!”

काकूंच्या चपला जिन्यात वाजायला लागल्या. साहेब उठले. पायानं बालदी लवंडली, पंचा पंपरूमच्या खिडकीत कोंबला, घाईघाईनं मोजे ओढले, डावा उजवा न बघता. काकू कोपऱ्यावरून वळल्या तेव्हा छडी काखेत होती, शिट्टी गळ्यात होती आणि पाणी गटारात गेलं होतं.

“काय हो, काय बघायचंय?” काकूंनी धापा टाकत विचारलं.

“काही नाही. पोरांचा पोरकटपणा,” साहेब म्हणाले. “सीझर! हील!”

सीझर हलला नाही. तीन पायांवर उभा राहून त्यानं पुढचा डावा पंजा साहेबांसमोर उचलून धरला होता, आणि खाली घेत नव्हता. काकू एकदा त्या पंजाकडे बघत होत्या, एकदा ओल्या जमिनीकडे.

“हील म्हटलं ना!”

सीझरनं पंजा आणखी थोडा पुढं केला. त्याचा एक पाय धुवायचा राहिला होता.